मेस्त्री, तुम्ही त्या लाल दोऱ्या माझ्या हातात दिल्यात

मेस्त्री, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे. तुमच्या नातीने त्या दिवशी माझा नंबर घेतला होता, ती वाचून दाखवील. आणि तिच्या नजरेला नाही पडलं, तरी जुनी होडी आणि मोजके पैसे घेऊन होडीच्या मागे लावायचं मशीन शोधत फिरणारी माझ्यासारखी माणसं या किनाऱ्यावर खूप आहेत. त्यांनीही वाचावं म्हणून उघडंच लिहिते आहे.

तुमचे आभार मी तेव्हा नीट मानले नाहीत. चहाचा कप पुढे केला आणि पदराने डोळे पुसत आत गेले. तुम्हाला वाटलं असेल, वहिनींना चहात साखर घालायचं सुचत नाही आहे. खरंच घातली नव्हती. तुम्ही तसाच प्यायलात.

आमची होडी मामंजींच्या वेळची, लाकडी. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असूनही लाटांनी उचलून आपटली, दोन फळ्या गेल्या. नवी घ्यायची ऐपत नव्हती म्हणून डागडुजी करून वरून फायबर मारून घेतलं आणि मागची फळी, जिच्यावर मशीन बसतं ती, थोडी वर उचलली, पाणी आत येऊ नये म्हणून. तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही की या उचललेल्या फळीचा हिशेब पुढे आम्हाला द्यावा लागेल.

गेल्या ऑगस्टात, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून समुद्र सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात दोनांपैकी एक मशीन जाम झालं. आमच्या देवबागला एका मशीनवर जाता येत नाही असं नाही, जाणारे जातात. पण कर्ली नदीच्या मुखातून बाहेर पडताना लाटा जिथे फुटतात, तिथे मशीन बंद पडलं तर होडी आडवी होते आणि आडव्या होडीला लाट विचारत नाही. म्हणून आमच्याकडे पहिल्यापासून दोन. एक दगा देईल तेव्हा दुसरं घरी आणील.

तेव्हा आम्ही एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, तो वाचेल तर त्याचं त्याला कळेल. त्याने एकच प्रश्न विचारला, किती हॉर्सपॉवर? हे म्हणाले, नऊ पॉइंट नऊ. त्याने झाकण चकाचक रंगवलेलं एक जुनं मशीन दाखवलं, बादलीत उभं करून एका हिसक्यात चालू केलं, म्हणाला, नव्यासारखंच आहे, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. पंच्याऐंशी हजार. माझ्या दोन पाटल्या त्यात गेल्या. पाटल्यांचं दुःख मी करत बसले नाही, कोळणीच्या पाटल्या समुद्रावरून येतात आणि समुद्रालाच लागतात. दुःख त्या विश्वासाचं आहे, ज्याने आम्ही पैसे मोजले.

नोव्हेंबरात एका पहाटे हे आणि धाकटे भावजी बांगड्याच्या जाळ्यांना गेले. नवं म्हणून आणलेलं मशीन तापून बसलं. उरलेलं जुनं अर्ध्या तासात धूर टाकून थांबलं. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून बाहेर ढकलत होता, नांगर तळाला धरेना, फोनला रेंज नाही. नऊला परत येणारी होडी अकरा वाजले तरी दिसेना. मी किनाऱ्यावर उभी होते. लिलाव उरकला, बायका टोपल्या उचलून गेल्या, कुत्री सावलीला गेली. दुपारी अडीचला एका शेजारच्या होडीने दोरीला बांधून आणलं तेव्हा ह्यांचे ओठ मिठाने पांढरे झाले होते आणि भावजी कोणाशी बोलत नव्हते. ज्यांनी ओढून आणलं, त्यांनी त्या दिवशी स्वतःची अर्धी जाळी पाण्यातच सोडली होती. पेट्रोलचे पैसे द्यायला गेले तर त्यांच्या आईने माझा हात धरून मला परत पाठवलं. त्यांचेही आभार मानायचे राहिले आहेत, ते याच पत्रात मानते.

आणि दुकानदार काय म्हणाला, मेस्त्री? म्हणाला, "तुमच्या माणसाला मशीन चालवता येत नाही." चौदाव्या वर्षापासून समुद्रावर असलेल्या माणसाला. हे काही बोलले नाहीत. घरी येऊन दोन दिवस जाळी विणत बसले, तीसुद्धा जिथे फाटलेली नव्हती तिथे.

तुमचा नंबर मला वेंगुर्ल्याच्या माझ्या मावसबहिणीने दिला. फोन मीच केला, कारण ह्यांची कोणापुढे उभं राहण्याची इच्छाच मेली होती. मी सगळी कहाणी सांगायला घेतली तर तुम्ही मध्येच म्हणालात, "वयनी, फळी किती इंचाची आसा?"

मला काही कळेना. तुम्ही म्हणालात, मागच्या फळीच्या वरच्या काठापासून होडीच्या तळापर्यंत टेपाने मोजा, मग बोलू. मी शिलाई मशीनच्या खणातली टेप घेऊन किनाऱ्यावर गेले. ब्लाउज मोजायची टेप ती. वीस इंच आणि वर एक बोट. तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही जरा वेळ काही बोललाच नाही. मग विचारलंत, घेतलेल्या मशीनची दांडी किती? ती भरली पंधरा.

एवढंच होतं, मेस्त्री. पंच्याऐंशी हजार आणि दोन जिवांचा प्रश्न एवढ्यावर अडला होता. वीस इंचाच्या फळीवर पंधरा इंचाचं मशीन. पंखा पाण्यात पुरेसा बुडतच नव्हता. लाटेवर होडी उचलली की पंखा हवा ओढायचा, मशीन बोंबलायचं, आणि गार करणारं पाणी जिथून आत जातं ती भोकंही पाण्याच्या वर यायची. पाणी न मिळालेलं मशीन तापणार नाही तर काय होणार? दुकानातल्या बादलीत ते छान चाललं, कारण बादलीला लाटा नसतात. हे दुकानदाराला कळत नव्हतं असं मी मानत नाही. त्याला फळीची उंची विचारायला दहा सेकंद लागली असती.

मग तुम्ही स्वतः आलात, स्कूटरवरून, डब्यात नट फिरवायचे दोन पाने आणि एक टॉर्च. मशीन विकायला येणारा माणूस आधी मशीनचं बोलेल, तुम्ही होडीच्या मागे उकिडवे बसलात आणि पान्याच्या मुठीने फळीवर टकटक करत गेलात. ठण, ठण, ठण, आणि उजव्या कोपऱ्याला आल्यावर थप. पुन्हा वाजवलंत. थप. फायबरच्या आत लाकूड कुजलं होतं. "मशीन चार दिवस उशिरा चलात," तुम्ही म्हणालात, "फळी आदी." तिथे आम्ही मशीन लावलं असतं तर एका मोठ्या लाटेत मशीन आणि फळी दोन्ही समुद्रात गेली असती. सुतार तुम्हीच पाठवलात, आणि त्याच्याशी बोलून ठेवलंत की बाईकडून एकदम मागू नकोस.

दोन्ही मशीन एकाच जातीची घ्या, हाही तुमचाच आग्रह. एकाचा पार्ट दुसऱ्याला लागतो, समुद्रात एक उघडून दुसरं चालवता येतं. ह्यांना वाटत होतं एक तरी पंधरा हॉर्सपॉवरचं घ्यावं, हल्ली मासळी लांब गेली आहे. लांब का गेली हे सगळ्यांना माहीत आहे. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून मासेमारी करायला केंद्राने 2017 सालीच बंदी घातली, तरी रात्री किनाऱ्यावरून बघितलं की बाहेर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. पण तुम्ही ह्यांना समजावलंत, जुन्या होडीच्या हाडांना तेवढा जोर झेपणार नाही, पेट्रोल मात्र जास्त पिईल. जास्त मोठं मशीन विकलं असतं तर तुमचा फायदाच होता.

निवतीकडे तीन मशीन बघायला आपण गेलो होतो तो दिवस मी विसरणार नाही. पहिलं दिसायला सगळ्यात देखणं. ह्यांची नजर त्यावरच होती. तुम्ही खालच्या गिअरचा स्क्रू थोडा सैल केलात आणि तेलाचा थेंब तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरलात, ह्यांच्यासमोर नाही, माझ्या. "बगा वयनी, ताकासारख्या दिसता मां? म्हंजे सीलातसून पाणी आत गेलाहा." पांढुरकं, घट्ट, अगदी ताकच. दुसऱ्या दोघांचं तेल काळपट होतं. त्यांच्या दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तुम्ही मोजलंत, आकडे माझ्याकडून वहीत लिहून घेतलेत, एकमेकांच्या जवळ आले तेव्हा कुठे मान हलवलीत. मालकाला राग आला होता. तुम्ही त्याला शांतपणे म्हणालात, तुझं मशीन वाईट नाही, फक्त सील बदल आणि मग वीक. त्यालाही तुम्ही फसवू दिलं नाहीत आणि त्याचा अपमानही केला नाहीत.

पण मी हे पत्र ज्याच्यासाठी लिहिते आहे ते अजून पुढेच आहे.

मशीन बसली. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत आली का ते तुम्ही वाळूत आडवं पडून बघितलंत, पांढऱ्या सदऱ्यावर. खाडीत चालवून बघितली, दोन्हींच्या मागून पाण्याची धार पडायला लागली तेव्हा तिच्याखाली हात धरून पाणी कोमट लागतंय का तेही बघितलंत. मग किनाऱ्याला लावून तुम्ही डब्यातून दोन लाल गुंडाळीच्या दोऱ्या काढल्यात. मशीन बंद करायच्या बटणाखाली ज्यांचं टोक अडकवायचं असतं त्या. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी ओढली जाते आणि मशीन आपोआप थांबतं. आमच्या त्या आधीच्या मशीनला दोरी नव्हतीच. तिच्या जागी दुकानदाराने प्लॅस्टिकचा एक तुकडा खोचून दिला होता, मशीन चालू राहावं म्हणून. तो तुकडा तुम्ही उपसून खिशात टाकला होतात, मी बघितलं होतं.

ह्यांनी हात पुढे केला. नेहमीचंच, मशीनचं सामान पुरुषाच्या हातात जातं. तुम्ही दोऱ्या त्यांच्या हातात दिल्या नाहीत. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "वयनी, तुमी बांदा."

मी ह्यांच्या मनगटाला वेढा दिला, आकडा अडकवला, मग दुसरी. माझी बोटं थरथरत होती. तुम्ही ह्यांना सांगितलंत, आता दोन पावलं मागे सरा. ते सरले, दोऱ्या ताणल्या, आणि दोन्ही मशीन एकदम गप्प झाली. होडीखाली पाण्याचा चुळुकचुळुक आवाज तेवढा उरला. "ह्या बांदल्याशिवाय मशीन चालू करुचा नाय," तुम्ही म्हणालात, पण सांगितलंत मला.

नोव्हेंबरच्या त्या दिवशी मी साडेपाच तास हात रिकामे घेऊन उभी होते, मेस्त्री. किनाऱ्यावरच्या बाईला काही करताच येत नाही, नवस बोलण्याशिवाय. तुम्ही मला करायला काहीतरी दिलंत. हे तुम्हाला कसं सुचलं? मी कधी काही बोलले नव्हते. त्या दोऱ्यांचे पैसेही तुम्ही हिशेबात धरले नाहीत, मी चिठ्ठी दोनदा तपासली.

आता रोज पहाटे चारला, भाकरीचा डबा हातात दिला की हे न सांगता मनगट पुढे करतात. पहिले काही दिवस बाकीच्या होड्यांवरचे हसायचे, बायको राखी बांधते म्हणून. मार्चमध्ये त्यांच्यातल्या दोघांनी येऊन विचारलं, या दोऱ्या मिळतात कुठे. तुमचा पत्ता दिला आहे, येतील.

चांगुलपणा म्हणजे फार मोठं काही करावं लागतं असं मला आधी वाटायचं. कोणी कर्ज माफ करतं, कोणी बुडत्याला काढतं. तुम्ही तर नेहमीचंच काम केलंत, फक्त प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद जास्त थांबलात. विकण्याआधी विचारलंत, बसवण्याआधी वाजवून बघितलंत, निघण्याआधी मागे वळलात. अशी माणसं बंदराबंदरावर असतात, स्कूटरवर डबा बांधून फिरतात, त्यांच्या दुकानाला पाटीसुद्धा नसते. चमकदार झाकणांच्या मागे आम्ही धावतो आणि त्यांच्याकडे शेवटी जातो, हरून. मी आधी यायला हवं होतं.

नारळी पौर्णिमेला घरी या, नातीलाही घेऊन या. चहात साखर असेल.

आणि हो, तुम्ही सांगितलं होतं तसं परवा ह्यांनी दोन्ही मशीनचं गिअरचं तेल बदललं. पहिला थेंब मी तळहातावर घेऊन उजेडात धरला. काळपट होतं. पांढरं नव्हतं.

तुमची,
देवबागची वहिनी