आरएक्स नको, स्प्लेंडर बघ

कोल्हापूर

प्रिय दिल्या,

तुझा मेसेज वाचून आधी हसलो. चाकणची नोकरी, रोजचं येऊन-जाऊन साठेक किलोमीटर, खिशात चाळीस हजार आणि साहेबांना हवी यामाहाची आरएक्स हंड्रेड! भावा, ती गाडी आपल्याकडे १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीची. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभर किलो, म्हणून ती सुटायची हे खरं. पण आज कागद नीट असलेल्या आरएक्सला लाखाच्या आसपास मागतात. चाळीस हजारांत मिळते तिची टाकी एकीची, इंजिन दुसरीचं आणि चेसिस नंबर देवाला ठाऊक कुणाचा. वर सुटे भाग डुप्लिकेट, टू-स्ट्रोक ऑइलचा खर्च निराळा. रविवारी पन्हाळ्याला न्यायला ठीक आहे. रोज सकाळी कंपनीचं गेट गाठायचं असेल तर नाव काढू नको.

तू स्प्लेंडर, पॅशन, नाहीतर शाईन बघ. नाक मुरडू नको. जुनी गाडी कंटाळवाणी असावी असं माझं ठाम मत आहे. स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन मुळात १९८५ च्या हिरो होंडा सीडी हंड्रेडच्याच वळणाचं. स्प्लेंडर आली १९९४ ला, आणि तेव्हापासून गावोगावच्या मेस्त्रींचे हात तिच्यावरच बसलेत. तिची क्लच प्लेट तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर मिळते. पल्सर वाईट नाही, पण वापरलेली पल्सर बहुतेकदा पोरांच्या हातातून आलेली असते. सायलेन्सर बदललेला, हँडल बदललेलं आणि क्लचची वाट लागलेली.

वर्षाचं गणित असं. टाकीवर 'हिरो होंडा' असेल तर सोड, ती जोडी २०११ च्या सुमारास फुटली. त्या गाड्यांच्या पासिंगची पंधरा वर्षं संपलीत किंवा संपत आलीत, मग री-पासिंग आणि पर्यावरण कर तुझ्या गळ्यात. तुझ्यासाठी नेमकी गाडी म्हणजे एप्रिल २०१७ ते मार्च २०२० मधली बीएस-फोर, म्हणजे धुराच्या त्या वेळच्या सरकारी नियमातली. कार्बोरेटरचीच, त्यामुळे नाक्यावरचा मेस्त्रीही उघडतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे हेडलाइटला बंद करायचं बटणच नाही, इंजिन चालू झालं की दिवा लागतो. पुढच्या बीएस-सिक्सला कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. गाड्या चांगल्या आहेत, पण तुझ्या पैशांत बसणार नाहीत, आणि बसल्या तर का बसल्या हे विचार.

आता ज्याच्यासाठी हे एवढं लांबलचक पत्र लिहितोय ते. तू पाठवलेल्या फोटोंमधली लाल पॅशन एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरची आहे, आणि दुसरी एमएच १०, सांगलीची. आमच्याकडच्या गाड्या पुण्यात स्वस्त दिसल्या की मला पहिला प्रश्न पडतो: ही ऑगस्ट २०१९ ला कुठं उभी होती? आणि जुलै २०२१ ला? दोन्ही पुरांत कोल्हापूर-सांगलीत गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली होत्या. पाणी उतरल्यावर कितीतरी गाड्या धुवून, ऑइल बदलून चालू झाल्या, आणि त्यातल्या काही लांबच्या बाजारात गेल्या. चिपळूणच्या एमएच ०८ लाही हेच लागू. माझ्याच जिल्ह्याची बदनामी करतोय, पण तुझ्यापासून काय लपवायचं?

पुरातली गाडी पॉलिशने लपते, पण गाळ लपत नाही. सीट काढ आणि बॅटरीच्या खोबणीत बोट फिरव. पिठासारखा बारीक, वाळलेला गाळ लागला तर तिथंच नमस्कार कर. हेडलाइटचा घमेला उघडायला सांग, आत वायरिंगची टोकं हिरवी पडलेली असतील. मीटरच्या काचेला आतून वाफेचे डाग असतील. ऑइलची काडी काढून बघ. ऑइल काळं असेल तर चालतं, ते वापराने होतंच. दुधाळ, राखाडी दिसलं तर आत पाणी आहे. चाकांची बेअरिंग हाताने फिरवताना खरखरतात. एवढं करूनही वायरिंगचा त्रास सहा महिन्यांनी सुरू होतो, तोही पावसात, तोही रात्री.

बाकीची तपासणी सकाळी, गाडी थंड असताना कर. आधीच सांग की मी येईपर्यंत चालू करायची नाही. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनला हात लावून बघायचं. गरम लागलं तर मालकाला काहीतरी झाकायचंय. किक मार, सेल्फवर जाऊ नको, किकला पायाखाली दाब लागला पाहिजे. चालू झाल्याबरोबर निळ्या धुराचा एक भपका येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील गेलेत, ते स्वस्तातलं काम. पण ॲक्सिलरेटर पिळेल तेव्हा निळा धूर येत राहिला तर रिंगा आणि बोअर, म्हणजे इंजिन उघडायचं. काळा धूर कार्बोरेटरचा, त्याला घाबरू नको. थंडीत सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते, तिलाही नको.

मग गाडी मेन स्टँडवर घे, मागे कुणाला तरी बसव, पुढचं चाक उचलू दे आणि हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरव. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, गेली. मागचं चाक धरून आडवं हलव. 'कटकट' झाली तर बुश किंवा बेअरिंग. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीन दिसली तरी सात-आठ वर्षांचं रबर पावसात घसरतं. तीन वर्षं पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली 'काकांची गाडी' म्हणूनच मला फारशी आवडत नाही. रनिंग कमी असतं, पण टायर, सील, कार्बोरेटर सगळं बसून बसून खराब झालेलं असतं.

कागदांत आळस करू नको. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळव, फोटोवर जाऊ नको. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून कर्ज चढलेलं आहे का, इन्शुरन्स-पीयूसी कधीपर्यंत, ते बघ. ई-चलनंही बघ, नाहीतर आधीच्या मालकाचे सिग्नल तू भरशील. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचं कर्ज उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर, तो फॉर्म ३१. एरवी नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. केए २२, केए २३ च्या बेळगाव-चिकोडीच्या गाड्या आमच्याकडे स्वस्त फिरतात, पण एनओसी आणा, नवा नंबर घ्या, इथला कर भरा; वाचलेले पैसे तिथंच जातात. नंबरप्लेट एचएसआरपी, म्हणजे नवी हाय-सिक्युरिटीवाली, आहे का तेही बघ. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नंतर बसवावी लागते, ४५० रुपये अधिक जीएसटी.

'सह्या करून ठेवलेत, नाव नंतर चढवा' असं एजंट म्हणेल. ऐकू नको. घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असा कायदा आहे. आणि अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदीवरचा मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितलंय. म्हणजे विकणाऱ्यालाही घाई असायला हवी. नसेल तर तो खरा मालक आहे का ते बघ. पावतीवर तारखेबरोबर वेळही लिही.

पैशाचं म्हणशील तर गाडीला तीसच्या वर जाऊ नको. उरलेले दहा हजार पहिल्या महिन्यातच लागतात. चेन किट, टायर, बॅटरी, ब्रेक लायनर, कोन सेट, इन्शुरन्स, नाव चढवणं. जुनी गाडी दोनदा विकत घ्यावी लागते, एकदा मालकाकडून आणि एकदा मेस्त्रीकडून. विकणारा काहीही म्हणाला तरी घरी आणल्यावर ऑइल बदलच. स्प्लेंडरला ९०० मिली लागतं, फोर-स्ट्रोक बाइकचंच. कारचं स्वस्त ऑइल ओतलंस तर क्लच सरकायला लागेल, कारण तिच्यात क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. त्याबरोबर एअर फिल्टर, प्लग, क्लच वायर. पुढे दर अडीच हजार किलोमीटरला ऑइल.

चेन मात्र तूच सांभाळ. रॉकेल मिळत नसेल तर डिझेलने पूस आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल सोड. गॅरेजवाले जळकं ऑइल लावतात, त्यातला कचरा चेनच खातो. ढील साधारण इंचभर ठेव, आवळून टाकू नको. हवा दर पंधरवड्याला बघ, एकट्याला पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय. पेट्रोल आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं आहे, ते ओल धरतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलची नळी नवी घाल, आणि गावाला जाऊन महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा कर.

मेस्त्री निवडताना एकच बघ, काढलेला जुना पार्ट तो आपणहून हातात देतो का. नाना पेठेत पार्ट स्वतः आणायला हरकत नाही, पण आधी त्याला विचारून. त्याचंही पोट पार्टवर सुटणाऱ्या दहा टक्क्यांवर असतं. आणि कुणी पहिल्याच भेटीत 'फुल इंजिन काम' म्हणाला तर चहा पिऊन उठ.

त्या दोन्ही गाड्यांच्या आरसीचे फोटो पाठव. लाल पॅशनवाल्याला पुराचं सरळ विचार, आणि तो बोलायच्या आधी किती वेळ गप्प राहतो ते मला सांग. मी पुढच्या रविवारी पुण्यात आहे, तोवर टोकन देऊ नको.

वहिनींना सांग, दोन हेल्मेटं आयएसआयची घ्यायची आहेत, आणि ती मी या चाळीस हजारांत धरलेली नाहीत.

तुझा,
अव्या