नमुने परत पाठवणाऱ्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शकासाठी येणारे बरेच नमुने तुम्ही यंत्राला न लावताच परत करता. सोबत चिठ्ठी असते: ‘जाड आहे’, ‘काचपट्टी चालणार नाही’, ‘पाया बदला’. हे आभार त्या चिठ्ठ्यांचे आहेत. आमच्यात कापडाचे तंतू तपासणारे आहेत, ऊतींचे काप घेणारे आहेत, रंगाचे थर आणि मायक्रोप्लास्टिक बघणारेही आहेत. पत्र उघडं लिहितोय, कारण चिठ्ठ्यांमागची कारणं दुसऱ्या केंद्रांत काम करणाऱ्यांनाही लागतील. हे यंत्र नमुन्याने कुठल्या तरंगांकाचा (एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग, त्या आकड्याचा) इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला ते मोजतं; त्या आलेखाला स्पेक्ट्रम आणि त्यातल्या शिखरांना पट्टे म्हणतात, आणि पट्ट्यांवरून पदार्थ ओळखतात. खाली तरंगांकांचे सगळे आकडे प्रति सेंटिमीटर आहेत.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या जाडीच्या. पारगमनात, म्हणजे प्रकाश नमुन्यातून आरपार नेऊन, मोजायचं तर नमुना साधारण ५ ते १५ मायक्रॉन हवा, आणि सगळ्यात उंच पट्ट्याचं शोषण १ च्या खाली (१ म्हणजे प्रकाशाचा दहावा हिस्साच पार जातो) राहायला हवं. पॉलिएस्टरचा २० मायक्रॉनचा गोल तंतू तसाच ठेवला, तर १७२० जवळचा पट्टा माथ्यावर सपाट होतो. तिथून प्रकाश येतच नाही, मग कितीही स्कॅन वाढवा, त्या जागेची माहिती मिळत नाही. शिवाय गोल तंतू स्वतःच भिंगासारखा वागून प्रकाश वाकवतो. म्हणून आधी स्टीलच्या रोलरने दाबून पट्टी करायची किंवा दोन हिऱ्यांमध्ये दाबणाऱ्या दाबकोषात चिरडायची, हा तुमचा आग्रह.

दाबकोषाबद्दल तुम्ही सांगितलेली पद्धत तर सगळीकडे लावायला हवी. दोन्ही हिरे जागेवर ठेवून मोजलं की मधल्या फटीत प्रकाश पुढेमागे परावर्तित होतो आणि स्पेक्ट्रमच्या आधाररेषेवर लाटा उठतात. उपाय सोपा: दाबून झालं की वरचा हिरा काढायचा, नमुना ज्या हिऱ्याला चिकटून राहील त्यावरच मोजायचं, आणि पार्श्वभूमी (नमुन्याविना घेतलेलं तुलनेचं मोजमाप) त्याच हिऱ्याच्या मोकळ्या जागेतून घ्यायची. दोन्ही हिरे ठेवणं भागच असेल, तर नमुन्याशेजारी पोटॅशियम ब्रोमाइडचा कण दाबून पार्श्वभूमी त्यातून घ्यायची. २००० ते २३०० च्या आसपास हिरा स्वतः शोषतो, त्यामुळे तिथे गोंगाट वाढतो. ॲक्रिलिक तंतूचा नायट्राइल पट्टा नेमका २२४० जवळ असतो. तो हवा असेल तर दाबलेला तुकडा सुईने उचलून बेरियम फ्लोराइडच्या खिडकीवर, म्हणजे नमुन्याखालच्या पारदर्शक चकतीवर, ठेवावा.

लाटांचाही एक उपयोग तुम्ही दाखवलात. पातळ फिल्ममध्ये दोन शिखरांतलं अंतर मोजलं की जाडी निघते. अपवर्तनांक १.५ धरला आणि लाटा ३३३ अंतरावर असल्या, तर फिल्म १० मायक्रॉनची. मायक्रोटोमवर (पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) लावलेला आकडा आणि खरी जाडी यांची पडताळणी अशी फुकटात होते.

खिडकी कुठली, यावरही चिठ्ठ्या कमी नाहीत. साध्या काचपट्टीतून साधारण २००० च्या खाली काही येत नाही, आणि ओळख पटवणारे बहुतेक पट्टे तर तिथेच. कॅल्शियम फ्लोराइड पाण्याला टिकतं, पण १००० च्या खाली निरुपयोगी होत जातं. बेरियम फ्लोराइड ८०० च्या जवळपास पोचवतं, मात्र पाण्यात किंचित विरघळतं आणि तापमानाचा झटका बसला की तडकतं. त्यामुळे गरम पाण्याखाली धुणं बंद, थेंब साचू देणं बंद. पोटॅशियम ब्रोमाइड ४०० पर्यंत नेतं, पण पावसाळ्यात डेसिकेटरबाहेर (कोरड्या ठेवणाऱ्या बंद भांड्याबाहेर) राहिलं की धुरकट होतं. खिडकी बदलली की वस्तुभिंगावरची भरपाईची कडी खिडकीच्या जाडीवर फिरवायची. आरशांच्या भिंगाला रंगदोष नसतो खरा, पण १ मिलिमीटरची खिडकी फोकस सुमारे ०.३ मिलिमीटर सरकवते आणि प्रतिमाही पसरवते.

ऊतीवाल्यांना तुम्ही जे ऐकवता ते कडू आहे, पण रास्त आहे. ऊती ज्यात बसवून कापतात त्या पॅराफिन मेणाचे पट्टे २९२०, २८५०, १४६० आणि ७२० ला येतात, म्हणजे नेमके मेदाच्या पट्ट्यांवर. झायलीनने मेण काढलं की सोबत मेदही जातो. मेदच पाहायचा असेल तर गोठवून काप घ्यावेत, आणि गोठवताना वापरायचं चिकट माध्यम फक्त बुडाशी लावावं. ते कापाच्या कडेपर्यंत पोचलं तर त्याचे ११०० जवळचे पट्टे कर्बोदकांच्या भागात मिसळतात. परावर्तक लेप दिलेल्या स्वस्त काचपट्ट्यांचं तुम्ही स्पष्ट सांगितलंत: आपाती आणि परावर्तित प्रकाशातून स्थिर तरंग तयार होतो, आणि मग दोन पट्ट्यांचं गुणोत्तर रसायनासोबत जाडीवरही हलतं. निरोगी आणि आजारी ऊती वेगळ्या ओळखायच्या असतील, तर हा फरक जीवघेणा आहे.

रंगाच्या थरांचा काप इपॉक्सीत बसवला की राळ सच्छिद्र थरात शिरते. १५१० ला टोकदार शिखर दिसलं की आधी राळेवर संशय घ्यायचा, चित्रकारावर नंतर. १२६० आणि ८०० दोन्हीकडे काही दिसलं तर सिलिकोन: चिकटपट्टी, हातावरचं क्रीम, साच्याचं तेल.

मायक्रोप्लास्टिकवाल्यांसाठी हातमोज्यांची चिठ्ठी सगळ्यात मोलाची. काही मोज्यांवर स्टिअरेटचे (साबणासारख्या क्षाराचे) कण असतात आणि २९२०, २८५०, ७२० ला ते हुबेहूब पॉलिथिलीनसारखे दिसतात. १५४० ते १५८० मध्ये कार्बोक्सिलेटचा पट्टा आहे का, हे बघितल्याशिवाय मोजणीत धरायचं नाही. कण ज्यावर गोळा करतात त्या गाळणीचंही तसंच. ॲल्युमिनियम ऑक्साइडची गाळणी सपाट आणि सोयीची, पण १२५० च्या खाली काही दाखवत नाही. तो भाग हवा असेल तर सिलिकॉनची गाळणी.

यंत्राकडे येण्याआधीच इतकं असतं. नंतरचं तुमच्या तक्त्यावर आहेच, त्यातलं थोडं. द्रव नायट्रोजन भरल्यावर एमसीटी शोधक (इन्फ्रारेड प्रकाश टिपणारा, थंड ठेवावा लागणारा भाग) स्थिर व्हायला १५ ते २० मिनिटं द्यायची. ३२०० जवळ रुंद पट्टा हळूहळू वाढत असेल तर नमुन्यात पाणी शोधत बसू नये. शोधकाच्या खिडकीवर बर्फ जमतोय, निर्वात बिघडली आहे. शोधकाच्या मर्यादेखाली, साधारण ७०० च्या खाली, एकेरी स्पेक्ट्रम (पार्श्वभूमीशी तुलना करण्याआधीचा) शून्यावर यायला हवा. तो वर राहिला तर प्रकाश जास्त पडतोय, तो कमी करणारी जाळी लावा. मोजायची जागा आखून देणारं छिद्र १० मायक्रॉनच्या खाली नेण्यात अर्थ नाही, कारण १००० ला तरंगलांबीच १० मायक्रॉन आहे. तिथे शेजारच्या थराचे पट्टे आत गळतात आणि प्रकाश मात्र क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटतो. स्कॅन चौपट केले तरी गोंगाट निम्माच होतो. म्हणून ४ चं पृथक्करण (शेजारचे पट्टे वेगळे दाखवण्याची बारकाई), ६४ किंवा १२८ स्कॅन, आणि वेळ उरला तर तो नमुन्यावर घालवा, असं तुम्ही म्हणता.

जर्मेनियमच्या एटीआर टोकाला (नमुन्यावर टेकवून त्याचा फक्त वरचा थर मोजणाऱ्या स्फटिकाला) तुम्ही सहसा कुणाला हात लावू देत नाही, तेही बरंच आहे. ते ठिसूळ आहे, वाळूचा एक कण त्यावर ओरखडा काढतो, आणि दृश्य प्रकाशाला अपारदर्शक असल्याने दाबताना खाली काय आहे ते दिसत नाही. पण अपवर्तनांक ४ असल्यामुळे १००० ला प्रकाश नमुन्यात जेमतेम ०.६ मायक्रॉन शिरतो, त्यामुळे जाड नमुन्यालाही वरचा थर पुरतो. दर वेळी आयसोप्रोपेनॉलने पुसायचं आणि पुसल्यावर रिकामा स्पेक्ट्रम घेऊन बघायचं; मागच्या नमुन्याचा पट्टा दिसला तर परत पुसायचं.

पावसाळ्यातली शेवटची चिठ्ठी: ‘पार्श्वभूमी जुनी झाली’. १३०० ते १९०० मधल्या हवेतल्या बाष्पाच्या रेषा प्रथिनांच्या १६५० आणि १५५० वर बसतात, आणि द्वितीय अवकलज (बारीक शिखरं उठून दिसावीत म्हणून करायचं गणित) घेतला की त्याच सगळ्यात ठळक होतात. वस्तुभिंगाभोवती पारदर्शक पेटी, कोरड्या हवेचा प्रवाह, नमुना ठेवल्यावर दहा मिनिटं थांबणं आणि मग ताजी पार्श्वभूमी, एवढं केलं तरी पुष्कळ. संगणकाने बाष्प वजा करणं तुम्हाला पसंत नाही, आम्हालाही नाही.

नायट्रोजनचा कॅन सकाळी भरून ठेवण्याचं काम आजवर तुमच्याच गळ्यात होतं. ते आम्ही विभागनिहाय वाटून घेतलं आहे, वेळापत्रक दारावर लावलं आहे. त्यात काही बदल हवा असेल तर नेहमीसारखी चिठ्ठी लिहा.

आपले,
सामायिक उपकरण केंद्राचे वापरकर्ते