मंत्रिसाहेब, मी कलावंत आहे याचा दाखला कोण देणार?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री यांना, कोल्हापूरहून स. न. वि. वि.

'राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना' एवढ्या लांबलचक नावाच्या योजनेतला माझा अर्ज परवा परत आला. शेरा : कलावंत असल्याचा पुरावा अपुरा.

मी तबलजी. जन्मभर साथ केली. पत्रिकेत गायकाचं नाव ठळक, खाली 'साथसंगत : स्थानिक कलाकार'. तो स्थानिक कलाकार म्हणजे मीच, हे टेबलामागच्या साहेबांना कसं पटवायचं? "कात्रणं आणा," म्हणाले. मी बोटं पुढं केली. तबल्याच्या शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या गोलावर, घासून तर्जनीचं पेर चामड्यासारखं झालंय. साहेब मोबाइलवर होते.

शाहू महाराजांनी गवई अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवलं, ते काय कात्रणांची फाईल बघून? त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ याच गावात राहिले; मल्लिकार्जुन मन्सूरांसारखे थोर गवई त्यांच्याकडं शिकले. त्या काळी तुमची छाननी समिती नव्हती, हे नशीब म्हणायचं.

इथलं गाणं नुसतं थिएटरात राहत नाही हो. पेठेतल्या भजनात मात्रा घसरली की डोळे मिटून बसलेली म्हातारी "आं?" म्हणते. गंगावेशीत दूध पिता पिता एखादा नाट्यपदाची तान घेऊन मोकळा होतो. आमचा न्हावी रेडिओवर भीमपलास राग लागला की वस्तरा गळ्यावर ठेवूनच थांबतो, आणि माझा जीव जातो. हे कान कुणी घडवले? आम्हीच, माजघरात शिकवण्या करून.

मानधन महिना ५,००० रुपये. अट अशी की उत्पन्न वर्षाला ६०,००० च्या वर नको. गुणाकार करून बघा. मानधनावरच अट भरते! मग मी खायचं काय, ताल?

८ ऑगस्ट २०२४ ला इथलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा पुढाऱ्यांची रीघ लागली. होतं तसं उभं करू म्हणाले. करा, केलंच पाहिजे. पण भिंतींना कोटी आणि त्या भिंतींत वाजवणाऱ्याला शेरा, हा कुठला न्याय? सगळीकडं तेच. शेतकऱ्यानं शेतकरी असल्याचं सिद्ध करायचं, म्हाताऱ्यानं जिवंत असल्याचं. पुढाऱ्यानं मात्र काहीच सिद्ध करायचं नाही.

समितीतल्या एकाला तरी एकताल आणि चौतालातला फरक कळतो का, तेवढं कळवा. नसेल कळत, तर मंगळवारी संध्याकाळी शिकवणीला पाठवा. फी महिना तीनशे, आगाऊ.

आपला,
एक स्थानिक कलाकार
मंगळवार पेठ, कोल्हापूर