शनिवारची बैठक : लिथियम आणि झोपेची नोंदवही

बायपोलर विकार असलेले सर्व सभासद व त्यांचे कुटुंबीय यांना कळविण्यात येते की, आपली मासिक बैठक येत्या शनिवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या खोलीत होईल. विषय लिथियम हे औषध आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादावरील (या विकारातील अतिउत्साहाच्या टप्प्यावरील) त्याचा उपयोग मांडला. ते आजही वापरात असले, तरी गुणकारी आणि घातक पातळी यांतील अंतर थोडे असल्याने रक्ततपासणी टाळून चालत नाही.

१. तपासणीचा नमुना शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी द्यावा; म्हणजे रात्री ९ वाजता गोळी घेणाऱ्यांनी सकाळी ९ वाजता, आणि सकाळची गोळी असल्यास ती नमुना दिल्यानंतर घ्यावी.

२. उलट्या-जुलाब झाल्यास, हात जास्त थरथरल्यास किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घ्यायची असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

३. झोपेची नोंदवही आणावी. ‘तीन तास झोपलो, तरी एकदम ताजातवाना’ अशी नोंद सलग दोन दिवस दिसली, तर ती आनंदाची बातमी समजू नये; ती उन्मादाची चाहूल असू शकते. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. बैठकीत ऐकलेले बाहेर सांगू नये, घरच्यांनीसुद्धा.

— कार्यवाह