गादीच्या आधी गादीचं नाव पोचलं

माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

माझ्या वडिलांनी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात 31 वर्षं काढली. बारा तासांची पाळी, पायांवर उभं राहून मागांमधून फेऱ्या आणि जोडीला बीम (सुताचा जड रूळ) चढवायला खांदा लावणं. पन्नाशीत कंबर गेली. एमआरआयमध्ये मणक्यांमधल्या खालच्या दोन गाद्या सुकलेल्या निघाल्या. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात याला 'गॅप पडला' म्हणतात. मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बायकांच्या मानेतही तोच गॅप असतो, फक्त त्या तो दाखवायला जात नाहीत.

गेल्या वर्षी एका खासगी दवाखान्यात वडिलांना सांगितलं, "स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, गादी नव्याने तयार होते." दीड लाख रुपये. पतसंस्थेचं कर्ज काढून भरले. गादी होती तशीच आहे, हप्ते चालू आहेत. पावतीवर नुसतं 'प्रोसिजर' लिहिलंय.

मग मी वाचायला लागलो, आणि विणकराच्या घरातला असल्याने त्यातच रमलो. मणक्यातली गादी म्हणजे आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर आणि त्याभोवती तंतूंचे पंधरा ते पंचवीस थर. प्रत्येक थरातले तंतू तिरके, आणि पुढच्या थरातले उलट बाजूला तिरके. आपल्या कापडासारखे उभे-आडवे नाहीत. म्हणून तर माणूस वाकला, वळला तरी गर बाहेर येत नाही. पण मोठ्या माणसाच्या या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. वरच्या-खालच्या हाडातून जे झिरपेल त्यावर ती जगते. त्यामुळे एकदा विरली की रफू होत नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच वीण प्रयोगशाळेत उतरवली. बारीक तंतूंचे तिरके थर, मधे जेल, दोन्हींत जिवंत पेशी, आणि हाडाला धरून राहावं म्हणून वर-खाली सच्छिद्र चकत्या. 2018 साली त्यांनी जाहीर केलं की अशा गाद्या उंदरांच्या शेपटीत 20 आठवडे आणि शेळ्यांच्या मानेत 8 आठवडे टिकल्या. शेळीच का, तर तिच्या मानेतली गादी आकाराने माणसाच्या मानेतल्या गादीच्या जवळपास जाते. (शेजारच्या जिल्ह्यातली उस्मानाबादी शेळी आठवून मला हसू आलं.) हे खरंच मोठं काम आहे. आज गादी फारच गेली तर बरेचदा दोन मणके स्क्रूने जखडतात, आणि मग तिथली हालचाल शेजारच्या गादीवर जाते. जिवंत गादी बसली तर हे टळेल.

पण साहेब, आठ आठवडे आणि शेळीची मान! माझ्या वडिलांची कंबर त्यापासून किती लांब आहे, हे मला वर्तमानपत्राचा वाचक म्हणूनही कळतं. ते त्या दवाखान्याला कळत नसेल, असं मला वाटत नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे: रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी, फक्त मंजूर वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायलमध्ये) वापरायच्या. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नसतात. ही एक ओळ आम्हाला आधी कुणी सांगितली असती, तर दीड लाख वाचले असते. औषध प्रशासन आपल्याकडे नाही, ठाऊक आहे. सोलापूरचं सिव्हिल हॉस्पिटल मात्र आपल्या खात्याचं आहे. पूर्व भागातला माणूस आधी सिव्हिललाच येतो आणि तिथली रांग बघून खासगीकडे वळतो. तिथल्या अस्थिरोग ओपीडीच्या दारावर ही ओळ मोठ्या अक्षरात लावा. शिवाय हेही लिहा, की गादी सरकल्याचं दुखणं बऱ्याच जणांचं शस्त्रक्रियेशिवाय काही आठवड्यांत उतरतं, पण लघवीवरचा ताबा गेला किंवा पाय लुळा पडला तर त्याच दिवशी या.

दुसरं, फिजिओथेरपी संध्याकाळीही चालू ठेवा. सकाळच्या वेळेसाठी खाडा करावा लागतो. खाड्याची मजुरी कापली जाते, म्हणून माणूस दोनदा येतो आणि तिसऱ्यांदा पेनकिलर घेऊन कामावर जातो. वडिलांनी हेच केलं.

आणि तो फलक मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही असू द्या. विड्या वळणाऱ्या कित्येक बायका घरात तेलुगू बोलतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाने तोंडी सांगितलं तरी चालेल.

आपला,
एका यंत्रमाग कामगाराचा मुलगा
सोलापूर