धबधबे झाले छापून, आता जरा अळंबीपण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस सुरू झाला की आपल्या पेपरात ताम्हिणीचे धबधबे, भुशी डॅमची गर्दी आणि सिंहगडावरची भजी हे ठरलेलंच असतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण यंदा मुळशीकडच्या एका देवराईत जे बघायला मिळालं ते कधी छापून आलेलं आठवत नाही म्हणून लिहितोय.

बांबूच्या बेटाखाली कुजक्या पाल्यात जाळीवाली अळंबी उभी होती. वीतभर उंच, पांढरीशुभ्र, वर हिरवट-तपकिरी चिकट टोपी आणि टोपीखालून पार खालपर्यंत सोडलेली जाळी, अगदी क्रोशाने विणल्यासारखी, एकेक भोक मोजून घ्यावं असं. शास्त्रीय नाव फॅलस इंड्युसिएटस. फोटोत खूपदा बघितलेली, पण समोर दिसली तेव्हा मी पन्नाशीचा माणूस सरळ चिखलात गुडघे टेकून बसलो, पँटचं काय व्हायचं ते होवो! वास मात्र असा की नाकाला रुमालच लावावा, काहीतरी मेल्यासारखा, आणि तिचं सगळं गणित त्या वासावरच चालतं. माश्या वासाला भुलून येतात, टोपीवरचा चिकटा खातात आणि बीजाणू घेऊन लांब कुठेतरी टाकतात. शेजारीच एक न फुटलेला गोळा होता, कोंबडीच्या अंड्याएवढा, अशाच गोळ्यातून ही काही तासांत बाहेर येते आणि एखाद्या दिवसात मान टाकते, म्हणजे उद्या जाऊ म्हटलं असतं तर संपलंच.

सोबत गावातले एक मामा होते, ते म्हणाले, "ही आपली न्हाई, आपली वारुळावर येती." बरोबर आहे त्यांचं. वाळवी वारुळात बुरशीची शेतीच करते आणि पावसात तीच अळंबी होऊन वर येते, वाळवीशिवाय तिचं चालत नाही म्हणून तर बटण मशरूमसारखी ती शेडमध्ये पिकवता येत नाही.

घरी येऊन ग्रुपवर फोटो टाकला तर पहिला प्रश्न, "खातात का रे?" चीनमध्ये खातात, वाळवून सूपमध्ये घालतात, तिकडे लागवडपण होते. पण म्हणून आपण जंगलात दिसेल ते कढईत टाकायचं नसतं हो, काही अळंब्यांचं विष शिजवूनही जात नाही आणि त्रास सुरू व्हायलाच सहा-बारा तास लागतात, तोवर लिव्हरची वाट लागायला सुरुवात झालेली असते. दुसरा प्रश्न, "लोकेशन पाठव." ते काही मी पाठवलं नाही, त्यावरून दोघं रुसलेत, रुसू देत. रीलसाठी पन्नास जण तिथे पाला तुडवत फिरले तर पुढच्या वर्षी काय उगवणार?

तर साहेब, विनंती एवढीच. आपल्याच पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, म्हणजे जाणकार शोधायला लांब जायला नको. पावसाळाभर दर रविवारी एक छोटा कोपरा द्या, एक अळंबी, तिचा चांगला फोटो, नाव, कशावर उगवते, विषारी आहे का. जागेचं नाव नको, नुसता तालुका लिहा. भज्यांचा फोटो थोडा बारीक केलात तरी जागा होईल.

आपला एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे