वादासाठी वकील निवडताना पदव्यांआधी हे विचारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थकलेल्या बिलावरून किंवा मोडलेल्या करारावरून वाद पेटला की लहान उद्योजक कुणाच्या तरी ओळखीने एखाद्या वकील-संस्थेचे नाव मिळवतात. संकेतस्थळावर भागीदारांच्या पदव्या व विद्यापीठे वाचतात आणि वकीलपत्रावर सही करतात. त्या माहितीतून फारसे काही कळत नाही. वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही. 2008 मध्ये संकेतस्थळाची मुभा मिळाली, तीही नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढ्यापुरतीच. त्यामुळे बाकीचे अशिलानेच पहिल्या भेटीत विचारून घ्यायचे असते. चांगल्या वकिलाला त्याचा राग येत नाही.

सर्वांत आधी विचारावे, की साक्षीदारांची उलटतपासणी कोण घेणार? लवादापुढे, म्हणजे कोर्टाऐवजी वाद मिटवायला नेमलेल्या पंचापुढे, सरतपासणी (साक्षीदाराची त्याच्याच बाजूने होणारी तपासणी) बहुधा प्रतिज्ञापत्रावरच होते, त्यामुळे प्रकरणाचा खरा कस उलटतपासणीत लागतो. उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे बहुधा कागदांवरच चालणाऱ्या रिट याचिकांवर युक्तिवाद केलेल्या निष्णात वकिलानेही साक्षीदार क्वचितच तपासलेला असू शकतो. बांधकामाच्या वादात तर मोजमाप पुस्तिका, चालू बिले आणि साइटवरचा पत्रव्यवहार यांवरच सगळे उभे असते. उशीर नेमका कोणामुळे झाला, हे कामाच्या वेळापत्रकातून शोधणारा माणूस तिथे हवा. वकिली करण्याआधी अभियांत्रिकी किंवा हिशेबतपासणी केलेली व्यक्ती चमूत असेल, तर अशा पार्श्वभूमीला माझ्या मते परदेशी पदवीहून जास्त किंमत आहे.

न्यायालयाने ‘सीनियर’ म्हणून नियुक्त केलेल्या ज्येष्ठ वकिलाला वकीलपत्र दाखल करता येत नाही आणि सोबत दुसरा वकील असल्याशिवाय उभेही राहता येत नाही. कागद बांधणारा, कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) लिहिणारा, तारखा सांभाळणारा माणूस दुसराच असतो. त्याचे नाव विचारा, जमल्यास त्याच्याशीच बोला.

त्यानंतर विचारायचे, की माझ्या प्रकरणात पहिली मुदत कोणती आणि ती कधी संपते? प्रकरणे मरतात ती बहुधा इथेच. 3 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रकमेच्या व्यावसायिक वादात तातडीचा अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश मागायचा नसेल, तर व्यावसायिक न्यायालये कायद्याच्या कलम 12अ नुसार दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशन प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही पायरी गाळली तर दावा फेटाळला जातो. अशा दाव्यात प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून 120 दिवसांत कैफियत दिली नाही, तर तो हक्कच गेला. करारात लवादाचे कलम असताना समोरच्याने कोर्टात दावा लावला, तर वाद लवादाकडे पाठवा असा, लवाद कायद्याच्या कलम 8 चा अर्ज पहिली कैफियत देण्यापूर्वी किंवा फार तर तिच्यासोबत करावा लागतो. आधी कैफियत आणि मग आठवण, असे चालत नाही. लवादापूर्वी कोर्टाकडून अंतरिम संरक्षण मिळाले, तर त्या आदेशापासून 90 दिवसांत लवादाची प्रक्रिया सुरू करायची असते. लवादाच्या निवाड्याला, म्हणजे निर्णयाला, कोर्टात आव्हान द्यायला 3 महिने आहेत. त्यावर कोर्ट पुरेसे कारण असल्यास जास्तीत जास्त 30 दिवस देते, पुढे एकही नाही. या प्रश्नावर जो वकील लगेच करार आणि शेवटचे पत्र मागतो, त्याच्यावर विश्वास टाकावा.

जुन्या करारांत ‘कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक लवाद नेमतील’ असे वाक्य अजूनही सर्रास दिसते. पर्किन्स ईस्टमन प्रकरणातील 2019 च्या निकालानंतर वादात हितसंबंध असलेल्या व्यक्तीला एकट्याने एकमेव लवाद नेमता येत नाही. अशा नेमणुकीवरची हरकत सोडून द्यायची असेल, तर वाद उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी तसा स्पष्ट लेखी करार करावा लागतो. नुसते गप्प राहून चालत नाही. तरीही अशा नेमणुकीवर सुनावण्या होतात, पैसा व वेळ जातो आणि शेवटी निवाडाच धोक्यात येतो. वकिलाने हे कलम पहिल्या दिवशी वाचलेच पाहिजे. त्याच भेटीत, या संस्थेने समोरच्या पक्षाला याच वादात कधी सल्ला दिला आहे का, हेही विचारावे. तसे असेल तर तिला तुमच्या बाजूने उभे राहता येत नाही.

दावा न्यायालयात जाणार असेल, तर ईमेल आणि व्हॉट्सॲपच्या नुसत्या छापील प्रती पुरत नाहीत. ती नोंद कोणत्या उपकरणातून कशी घेतली हे सांगणारे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. म्हणून जुना फोन विकू नका, संदेश पुसू नका.

फीबाबत एकच सांगतो. वसुलीचा टक्का मागणारा वकील नियम मोडत असतो, कारण निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्याच नियम 20 ची मनाई आहे. मसुदा, प्रत्येक बैठक आणि सीनियरची फी वेगवेगळी लिहून घ्या. लवादाचे मानधन याशिवाय द्यावे लागते, आणि करारात तीन लवाद असतील तर तिघांचेही.

आपला,
एक वकील